डिझाइनमधली फेलोशिपवाली पीएचडी: जाहिरातीतल्या एका ओळीपासून टेस्ट रिगपर्यंत

जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची) जाहिरात उघडली की नजर आधी रकमेवर जाते: दरमहा ३७,००० रुपये, अधिक नियमानुसार घरभाडे भत्ता. आधी वाचायला हवी ती ओळ बरीच खाली असते. नेमणूक एक वर्षासाठी, काम समाधानकारक असल्यास मुदतवाढ, जास्तीत जास्त प्रकल्प संपेपर्यंत. सरकारी संशोधन प्रकल्प बहुधा ३ वर्षांचा असतो. मंजुरी मिळाली की ही ३ वर्षं मोजायला सुरुवात होते. पहिला हप्ता जमा होणं, जाहिरात काढणं, मुलाखती घेणं यात त्यातले सहा-आठ महिने सहज निघून जातात. मेकॅनिकल डिझाइनमधल्या पीएचडीला, त्यात प्रयोग असला तर, ५ वर्षं धरूनच चालावं. पैशाचं घड्याळ एक आणि पदवीचं दुसरं. या वाटेवर चांगली तयारी असलेली मुलं अडकतात ती बहुतेक वेळा या दोन घड्याळांच्या फरकात. म्हणून खालचं सगळं त्या फरकावर नजर ठेवून लिहिलं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. प्रकल्पातली जेआरएफ ही नोकरी आहे, पीएचडीचा प्रवेश वेगळा. मार्चमध्ये जेआरएफ म्हणून रुजू झालात तरी पीएचडीसाठी वेगळा अर्ज, वेगळी मुलाखत आणि जुलैची नोंदणी असते. मधले चार महिने फेलोशिपच्या मुदतीतून वजा होतात, पीएचडीच्या मुदतीत जमा होत नाहीत. त्यामुळे मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हटलं जातं तेव्हा तीन प्रश्न सरळ विचारावेत. प्रकल्प कोणत्या तारखेला मंजूर झाला? किती महिने उरले आहेत? तो संपल्यावर माझ्या स्टायपेंडची सोय कुठून होईल? हे विचारायला अनेकांना अवघड वाटतं, पण ज्या प्राध्यापकाने चार-पाच विद्यार्थी सांभाळले आहेत त्याला हा हिशेब पाठ असतो आणि प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर तीही माहितीच.

रकमेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ठरवलेले दर बहुतेक संस्था पाळतात. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ ३१,००० वरून ३७,००० झाली आणि एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) ३५,००० वरून ४२,०००. दोन वर्षांनी जेआरएफचं एसआरएफ होतं, पण आपोआप नाही. तीन सदस्यांची समिती बसते, त्यात एक बाहेरच्या संस्थेतला तज्ज्ञ लागतो, आणि त्यांच्यासमोर कामाचा अहवाल मांडावा लागतो. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळायला महिना-दीड महिना जातो, म्हणून २४ वा महिना उजाडण्याची वाट न पाहता २१ व्या महिन्यात अहवाल लिहायला घ्यावा. वाढीव रक्कम मागील तारखेपासून मिळेल याची खात्री धरू नये.

संस्थेत प्रवेश कोणत्या प्रकाराखाली मिळतो यावर पुढची सगळी वर्षं ठरतात. मुंबईच्या आयआयटीत टीए, आरए, टीएपी, एफए असे प्रकार आहेत. टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट: आठवड्याला ८ तास विभागाचं काम. डिझाइनवाल्याच्या वाट्याला मशीन ड्रॉइंगचे ट्युटोरियल, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची लॅब, उत्तरपत्रिका तपासणं असं येतं. आरए म्हणजे रिसर्च असिस्टंट: त्याला आठवड्याला २० तास द्यावे लागतात, बहुधा एखादी प्रयोगशाळा किंवा यंत्र चालवण्यासाठी. टीएपीत असिस्टंटशिपचे पैसे प्रकल्पातून येतात, त्यामुळे वरचे तीन प्रश्न इथेही लागू. एफए म्हणजे फेलोशिप तुम्ही स्वतः घेऊन येता. आमचं मत विचाराल तर प्रयोगावर आधारलेल्या डिझाइनच्या पीएचडीसाठी टीए सगळ्यात मोकळी: विषय तिसऱ्या वर्षी थोडा वळवावा लागला तर कुणाच्या मंजूर प्रस्तावाशी तो बांधलेला नसतो. आरए तेव्हाच फायद्याची जेव्हा सांभाळायला मिळालेलं यंत्र तुमच्याच प्रयोगाला लागणारं असतं. फटीग टेस्टिंग मशीन, म्हणजे पुन्हापुन्हा भार देऊन वस्तू कधी तुटते ते पाहणारं यंत्र, ज्याच्या ताब्यात, त्याला रात्रीचे स्लॉट मिळतात. फटीगच्या चाचण्या एकेक दिवस चालतात, त्यामुळे ही सोय लहान समजू नये.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप, म्हणजे पीएमआरएफ, २०१८ पासून आहे. तिचे मूळ दर पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि शेवटची दोन वर्षं ८०,००० रुपये दरमहा. शिवाय वर्षाला २ लाख रुपये संशोधन खर्चासाठी. डिझाइनच्या विद्यार्थ्याला स्टायपेंडपेक्षा हे २ लाख जास्त उपयोगी पडतात, कारण सेन्सर, मशिनिंग आणि मटेरियल यासाठी गाईडच्या प्रकल्पाकडे बघत बसावं लागत नाही. बदल्यात जवळच्या आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात आठवड्यातून एकदा शिकवावं लागतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत १०,००० फेलोशिपची घोषणा झाली आहे. अर्ज करताना त्या वर्षीचं परिपत्रकच वाचावं, सीनियरने सांगितलेल्या अटींवर विसंबू नये.

एफएबद्दल एक गोष्ट आधी कळलेली बरी: यूजीसी-नेट किंवा सीएसआयआर-नेटमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा पेपर नाही. त्यामुळे भौतिकशास्त्रातला मित्र नेट-जेआरएफ घेऊन येतो तसा रस्ता आपल्याला नाही, आपली किल्ली गेट, म्हणजे इंजिनिअरिंगची राष्ट्रीय स्तरावरची परीक्षा. महाराष्ट्रात मात्र आणखी एक दार आहे. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी पुण्याचीच सारथी, आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती पीएचडीच्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. इथे आधी पीएचडीची नोंदणी आणि मग फेलोशिप असा क्रम असतो. जाहिरातीत नोंदणीची तारीख कोणत्या काळातली चालेल ते दिलेलं असतं, म्हणून विद्यापीठाकडून मिळालेलं नोंदणीचं पत्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवावं. त्यावर तारीख, विषय आणि संशोधन केंद्राचं नाव स्पष्ट हवं. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत. दुसरी मिळाली तर पहिली सोडल्याचं पत्र लागतं.

आता विभाग. ‘डिझाइन’ हा शब्द वेगवेगळ्या दारांवर वेगळ्या अर्थाने लिहिलेला असतो. मुंबई आयआयटीच्या मेकॅनिकलमध्ये थर्मल, डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग अशा तीन शाखा आहेत, आणि तिथलं डिझाइन म्हणजे सॉलिड मेकॅनिक्स, कंपनं, यंत्ररचना, रोबॉटिक्स. त्याच आवारात आयडीसी आहे. १९६९ पासूनचं ते औद्योगिक डिझाइनचं घर, तिथली मांडणी आणि प्रवेश दोन्ही निराळे. मद्रास आयआयटीत मेकॅनिकलखेरीज इंजिनिअरिंग डिझाइन असा स्वतंत्र विभाग आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पूर्वी सीपीडीएम नावाने ओळखलं जाणारं केंद्र आता डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंग विभाग आहे. तिथे डिझाइन कसं घडतं, डिझायनर विचार कसा करतो, यावरही पीएचडी होते. अमरेश चक्रबर्ती आणि लुसिएन ब्लेसिंग यांनी मांडलेली डीआरएम ही संशोधनपद्धत या प्रकारच्या कामात सर्रास वापरतात. अशा विषयात माणसांवर अभ्यास असतो: डिझायनरला एक प्रश्न देऊन तो सोडवताना बोलायला लावायचं, ते रेकॉर्ड करायचं, वाक्यावाक्याचं वर्गीकरण करायचं. यंत्र विकत घ्यावं लागत नाही, पण नीतिसमितीची परवानगी लागते आणि एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवून त्याचं वर्गीकरण करायला अनेक दिवस लागतात. गिअरचा ताण मोजायची आवड असलेल्याने चुकून इथे अर्ज केला तर दोन्ही बाजूंचा वेळ जातो.

गाईड निवडताना त्याच्या शोधनिबंधांची यादी सगळेच बघतात. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध. मुंबई आयआयटीच्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर रोल नंबर असतो, आणि रोल नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रवेशाचं वर्ष. खाली प्रबंध सादर केल्याचं वर्ष. दोन्हींची वजाबाकी करा. एकाच गाईडच्या पाच विद्यार्थ्यांची वजाबाकी ५, ५, ६, ५, ६ आली तर ठीक. ७ आणि ८ वारंवार दिसले तर स्टायपेंड ५ वर्षांचा आहे हे लक्षात ठेवून विचार करावा. मग प्रबंधातलं प्रयोगाचं प्रकरण वाचावं. रिग, म्हणजे प्रयोगासाठी उभी केलेली यंत्रमांडणी, कुठे बनवली, किती वेळा बदलली, हे तिथे प्रामाणिकपणे लिहिलेलं सापडतं.

गाईडला पाठवायच्या ईमेलमध्ये आणि संशोधनाच्या टिपणात सगळ्यात जास्त दिसणारी चूक एकच: ‘मला एफईए आणि अॅन्सिसमध्ये रस आहे.’ एफईए ही संगणकावर ताण काढायची पद्धत, अॅन्सिस तिचं सॉफ्टवेअर; दोन्ही हत्यारं आहेत. लोहाराने मला घणात रस आहे असं सांगण्यासारखं ते होतं. विषय असा लिहावा: शॉट पीनिंगमुळे (पृष्ठभागावर बारीक छर्रे मारल्यामुळे) गिअरच्या दातांच्या मुळाशी राहणारा दाबाचा ताण वाकण्याच्या फटीगमध्ये किती काळ टिकतो? यात वस्तू आहे, घटना आहे आणि मोजता येईल असा प्रश्न आहे. एक पान पुरतं. त्या गाईडचा एक निबंध खरोखर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल दोन वाक्यं लिहिली तर उत्तर यायची शक्यता बरीच वाढते.

वेळापत्रक साधारण असं. गेट फेब्रुवारीत, निकाल मार्चच्या मध्याला. ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण, गुणपत्रक ३ वर्षं चालतं. जुलैच्या प्रवेशाचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये भरायचे, मुलाखती मे-जूनमध्ये. जानेवारीच्या प्रवेशाचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मुलाखती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. हिवाळी फेरीकडे अनेकांचं लक्षच नसतं, आणि तिथे अर्जदार कमी असतात. अर्जात कोणत्या प्रकाराखाली विचार व्हावा हे निवडायचं असतं. तिथे फक्त टीएवर खूण करून बाकीचे रकाने मोकळे सोडले तर टीएच्या जागा भरल्यावर तुमचं नाव पुढे जाऊ शकत नाही.

महाराष्ट्रातल्या ओबीसी उमेदवारांचे अर्ज एका कागदावर दरवर्षी अडतात. राज्याचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. तहसील कार्यालयातून ते मिळायला मे महिन्यात, दहावी-बारावीच्या निकालांच्या गर्दीत, फार वेळ जातो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकावा. एम.टेक.चा निकाल लागायचा असेल तर प्रवेश तात्पुरता मिळतो आणि ठराविक तारखेपर्यंत पदवी पूर्ण झाल्याचं पत्र द्यावं लागतं, म्हणून एम.टेक.च्या तोंडी परीक्षेची तारीख आधीच पक्की करून घ्यावी.

मुलाखत जवळून पाहण्यासारखी असते. आधी बहुधा लेखी चाचणी होते: आयगेनव्हॅल्यू, साधी डिफरन्शियल समीकरणं, मोअर वर्तुळ, चार दांड्यांची यंत्रणा, एका स्प्रिंग-मासची कंपनं. त्यातून निवडलेल्यांना आत बोलावतात. चार-पाच प्राध्यापक बसलेले, तुमच्या हातात मार्कर. आवडीचा विषय विचारतात, तुम्ही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स म्हणता. एक कॅन्टिलिव्हर काढा, टोकाला भार. टोक किती वाकेल? सूत्र सगळ्यांना येतं. लांबी दुप्पट केली तर? आठपट. जाडी दुप्पट केली तर? एक अष्टमांश. इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग कुणीतरी शांतपणे विचारतं: ‘हा बीम माइल्ड स्टीलचा आहे आणि फार वाकतोय. त्याऐवजी ईएन २४ घेतलं तर किती कमी वाकेल?’

ईएन २४ हीट ट्रीटमेंटनंतर माइल्ड स्टीलपेक्षा कितीतरी मजबूत असतं, म्हणून तोंडून निघतं, ‘बराच कमी.’ बरोबर उत्तर: जवळपास तेवढाच वाकेल. वाकणं यंग्ज मॉड्युलसवर ठरतं आणि तो दोन्ही पोलादांचा २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपास. ईएन २४ घेतल्याने बीम कायमचा वाकायला जास्त भार लागेल, पण ताठपणा बदलणार नाही. ताकद आणि ताठपणा यांतला हा फरक ज्याच्या हाडीमाशी भिनलेला आहे तो डिझाइनमध्ये टिकेल, असं समोरच्या माणसांना वाटतं, आणि ते बरोबर आहे. पुढचे प्रश्न त्याच फळ्यावर वाढत जातात. भार मध्यावर आणला आणि टोकाला टेकू दिला तर टेकूवर किती बल येईल? भाराच्या ५/१६. हा आकडा आठवण्यापेक्षा तो कसा काढायचा ते दाखवणं महत्त्वाचं. लांबी कमी करत जाडीच्या तिप्पटच ठेवली तर पहिलं सूत्र चालेल का? नाही, आता शिअरमुळे होणारं वाकणं दुर्लक्षून चालत नाही.

एम.टेक.च्या प्रबंधावर आले की एक प्रश्न जवळपास ठरलेला. तुमच्या मॉडेलमध्ये आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यावर सर्वाधिक ताण दाखवलाय. जाळी (गणितासाठी केलेले मॉडेलचे तुकडे) आणखी बारीक केली तर काय होईल? ताण वाढेल. आणखी बारीक केली तर? आणखी वाढेल. मग खरा ताण किती? इथे गप्प बसणारे पुष्कळ. लवचीक सिद्धांतात त्या कोपऱ्यावरचा ताण अनंताकडे जातो, त्यामुळे तिथला आकडा निव्वळ जाळीचा असतो. कोपऱ्याला फिलेट, म्हणजे गोलाई, देऊन पुन्हा गणित करायला हवं होतं. हे स्वतःहून कबूल केलं तर गुण जात नाहीत. ‘हे मला माहीत नाही, पण अशा रीतीने शोधून काढेन’ हे उत्तर तिथे मान्य असतं.

प्रवेशानंतरचं पहिलं वर्ष कोर्सवर्कचं. एम.टेक. करून आलेल्याला कमी विषय, थेट बी.टेक.वरून आलेल्याला जास्त. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान १२ क्रेडिट सांगितली आहेत, पीएचडीची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २, आणि स्त्रिया व दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यावर २ वर्षांची जादा सवलत. आयआयटींचे स्वतःचे नियम असतात. क्वालिफायर या पात्रता परीक्षेत नापास झाल्यास सहसा एकच संधी उरते. कंटिन्युअम मेकॅनिक्स, फायनाइट एलिमेंट आणि व्हायब्रेशन्स हे तीन विषय पहिल्याच सेमिस्टरला घ्यावेत, कारण क्वालिफायरचे बहुतेक प्रश्न तिथूनच फिरतात.

खरा वेळ जातो प्रयोगात. एक साधं उदाहरण घेऊ: कम्प्लायंट मेकॅनिझमवर काम करणाऱ्याची पहिली वस्तू, दोन समांतर पानांचं फ्लेक्शर. बिजागरी नाही, बेअरिंग नाही, दोन पातळ पट्ट्या वाकतात आणि मधला ठोकळा सरळ रेषेत सरकतो. ७०७५ अॅल्युमिनियम, पानाची लांबी ५० मिमी, रुंदी १० मिमी, जाडी ०.५ मिमी. दोन्ही पानं मिळून ताठपणा येतो साधारण १.४२ न्यूटन प्रति मिमी. आता ड्रॉइंगवर फक्त ०.५ लिहून वर्कशॉपला दिलं, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) दिला नाही, कोपऱ्यात नेहमीचं आयएसओ २७६८ मध्यम लिहिलेलं आहे. त्या तक्त्यानुसार या मापाला अधिक-उणे ०.१ मिमी चालतं. म्हणजे पान ०.४ चं आलं तरी जॉब पास, ०.६ चं आलं तरी पास. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, त्यामुळे ०.४ ला तो निम्म्यावर येतो आणि ०.६ ला १.७ पटीवर जातो. वर्कशॉपची काही चूक नाही, ड्रॉइंगनेच तशी मुभा दिली.

वायर कटवर, म्हणजे तारेतून ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या यंत्रावर, हे पान कापताना आणखी दोन ठिकाणी घोळ होतो. तार बहुधा ०.२५ मिमी व्यासाची असते. प्रोग्रॅममध्ये तारेच्या त्रिज्येचा आणि स्पार्कच्या फटीचा ऑफसेट द्यायचा राहिला तर प्रत्येक बाजूने ०.१२५ मिमीहून जास्त माल जातो. ०.५ चं पान ०.२५ हून बारीक उरतं आणि ताठपणा एक अष्टमांशाखाली घसरतो. दुसरं, प्लेटमध्ये आधीपासून अडकलेले ताण कापल्यावर मोकळे होतात आणि पान वाकडं होतं. त्यासाठी ७०७५ मध्ये टी६५१ अवस्थेतली, म्हणजे ताणून अंतर्गत ताण घालवलेली प्लेट मागावी. एकाच जाड कटऐवजी शेवटी दोन-तीन हलके स्किम कट घ्यायला सांगावं. त्याने पृष्ठभागावरचा वितळून पुन्हा गोठलेला थर कमी होतो. फटीगच्या चाचणीत तडा त्या थरापासूनच सुरू होतो.

ड्रॉइंगवर जाडीला अधिक-उणे ०.०१ लिहावं, आणि फक्त जाडीलाच. सगळ्या मापांना लिहिलं तर भोसरीतला वर्कशॉपवाला दर तिप्पट सांगतो किंवा काम घेतच नाही. जॉब हातात आला की बसवण्याआधी प्रत्येक पानाची जाडी पाच ठिकाणी मोजावी, मुळाशी आणि मध्यावर नक्की. ०.५५ भरली तर मॉडेलमध्ये ०.५५ टाकावी, तेव्हा ताठपणा १.८९ येतो आणि प्रयोगाशी जुळतो. हे मोजायला पंधरा मिनिटं लागतात. न मोजता मॉडेल आणि प्रयोग यांत ३३ टक्क्यांचा फरक का येतो ते शोधण्यात तीन-तीन महिने गेलेले आम्ही पाहिले आहेत. ३६ महिन्यांच्या प्रकल्पातले ते तीन महिने.

मोजमापाच्या बाजूला स्ट्रेन गेज, म्हणजे वस्तूवर चिकटवून ती किती ताणली गेली ते मोजणारी पट्टी. १००० मायक्रोस्ट्रेनला, ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर, गेज फॅक्टर २ धरून एका गेजच्या ब्रिजमधून फक्त २.५ मिलिव्होल्ट मिळतात. शेजारच्या मोटरच्या तारा जवळून गेल्या तर तेवढा विद्युत गोंगाट (नॉइज) सहज मिसळतो. अॅल्युमिनियमच्या पातळ पानावर १२० ओहमपेक्षा ३५० ओहमचा गेज बरा, कमी तापतो. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासणं, अॅसिटोनने पुसणं, गेज टेपवर उचलून बसवणं, अंगठ्याने मिनिटभर दाबणं: पहिले चार-पाच गेज वाया जाणारच. दहा मागवावेत.

खरेदी हा वेगळा अभ्यासक्रमच आहे. लेसर सेन्सर किंवा लोड सेल हवा असेल तर तपशील लिहा, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर शोधा, नाही मिळाला तर तसा दाखला, मग कोटेशन, समिती, ऑर्डर. आयात माल असेल तर चार ते सहा महिने धरा. मार्चअखेर हिशेब बंद होतो, म्हणून डिसेंबरनंतर मोठी ऑर्डर सुरू केली तर ती पुढच्या आर्थिक वर्षात घसरते. प्रकल्पाचा पुढचा हप्ता मागच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे खर्च झाल्याचा दाखला) गेल्यावरच येतो. त्या मधल्या काळात, बहुधा एप्रिल ते जून, जेआरएफचा पगार रखडतो. रुजू झाल्यापासून तीन महिन्यांचा खर्च बाजूला टाकायची सवय लावावी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने तर नक्कीच.

संगणकावरच काम असेल तर खरेदीचा त्रास नाही, पण सापळे आहेत. टोपोलॉजी ऑप्टिमायझेशनमध्ये (माल कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा हे गणिताने ठरवण्यात) शिरणारे बहुतेक जण ओले सिगमुंड यांच्या २००१ च्या ९९ ओळींच्या मॅटलॅब प्रोग्रॅमपासून सुरू करतात, आणि तेच योग्य. फिल्टर काढून टाकून चालवून बघावा: बुद्धिबळाच्या पटासारखी रचना येते, जी गणिताला ताठ वाटते पण प्रत्यक्षात कोपऱ्यांवर जोडलेली असते. जाळी बदलली की आकार बदलतो. हे दोन्ही का होतं ते स्वतः लिहून समजून घेतल्याशिवाय तयार सॉफ्टवेअरकडे जाऊ नये. दरवर्षीच्या प्रगती सादरीकरणात समिती नेमकं तेच विचारते.

परदेशाबद्दल थोडक्यात. जर्मनीत विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी बहुधा कर्मचारी असतो, टीव्ही-एल ई१३ या वेतनश्रेणीत. जाहिरातीत ती पूर्ण वेळ, पाऊण की अर्धी आहे ते बघावं, पगार त्याच प्रमाणात येतो. ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी संशोधन निधी संस्थेचा २०२५-२६ चा किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता, पण एका तुकडीत परदेशी विद्यार्थी ३० टक्क्यांपर्यंतच घेता येतात, म्हणून अर्ज पहिल्या फेरीतच जायला हवा. युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, तिथे एम.एस. केलेल्यांचा अर्ज यावर बाद होतो. घरापासून फार दूर न जाता परदेशी प्रयोगशाळा हवी असेल तर पवईची आयआयटीबी-मोनाश अकादमी आहे. तिथे दोन्हीकडचे गाईड आणि दोन्ही संस्थांची मिळून पदवी मिळते, आणि पीएचडीतला काही काळ मेलबर्नमध्ये जातो.

शेवटच्या टप्प्यात पुन्हा पैशाचं घड्याळ पुढे धावतं. ५ वर्षं झाली की स्टायपेंड थांबतो. सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश), मग प्रबंध, मग परीक्षकांकडून अहवाल यायला चार ते आठ महिने, मग तोंडी परीक्षा. सिनॉप्सिसचं सादरीकरण ५४ व्या महिन्यापर्यंत झालं तर हा काळ निभावतो. त्यासाठी पहिला शोधनिबंध तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस पाठवलेला हवा, कारण चांगल्या नियतकालिकात समीक्षेच्या दोन फेऱ्यांना वर्ष लागू शकतं. गाईडकडे दुसरा चालू प्रकल्प असेल तर प्रबंध दिल्यानंतर काही महिने त्यात काम मिळू शकतं. ते पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावं.

याच महिन्यांत रिग पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जाते. ड्रॉइंगच्या प्रतीवर लाल पेनाने प्रत्येक पानाची प्रत्यक्ष मोजलेली जाडी, मोजल्याची तारीख आणि कोणत्या मायक्रोमीटरने मोजली ते लिहून ठेवावं, आणि ती प्रत रिगच्या खालच्या खणातच ठेवावी.